मागून घेणाऱ्या कुमुदताई

निर्वासितांच्या घरी कुमुदताई नेहमी रिकाम्या हाताने जात आणि वर काहीतरी मागत. लीड्समध्ये आमचा एक छोटा गट आहे. आश्रय मागायला आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांना घर लावून देणं, मुलांना शाळेत घालणं, वकिलाकडे नेणं ही आमची कामं. आम्ही बाकीच्या जणी पांघरुणं आणि भांडी घेऊन धावायचो. कुमुदताई आरामात बसायच्या आणि म्हणायच्या, "चहा टाकतेस का? साखर दीड चमचा."

"ज्यांच्याकडे धड दोन कप नाहीत, त्यांच्याकडे चहा काय मागता?" मी एकदा गाडीत विचारलं.

"अगं, ती बाई सकाळपासून सगळ्यांना थँक यू म्हणतेय. मान दुखली असेल तिची. तिला कुणी थँक यू म्हणायचं?"

मूळच्या मिरजेच्या कुमुदताई इथल्या हॉस्पिटलमधून डोळ्यांच्या वॉर्डच्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. उंची बेताची, पण आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाणारा.

लान आमच्याकडे आली ती लहान मुलीला घेऊन. तिला इंग्लंडमध्ये आणणाऱ्या माणसांनी एका घरात कोंडून राबवून घेतलं होतं. तिथून ती निसटली होती. आश्रयाची केस चालू होती, कुमुदताईंच्या मागच्याच रस्त्यावर खोलीही मिळाली होती. आणि मग त्या माणसांना तिचा फोन नंबर सापडला. शुक्रवारी गाडी पाठवतो, मुलीला घेऊन निघ, असं ते सांगू लागले. आम्ही पोलिसांना कळवलं, पण दारात कायमचा पोलीस उभा करता येत नाही. लानचा तर आमच्यावर विश्वासच नव्हता. का असावा? गोड बोलून मदत करणाऱ्यांनीच तिला इथवर आणलं होतं. ती त्या गाडीत बसली असती, तर मायलेकी आम्हाला पुन्हा दिसल्या नसत्या.

फोनवर दुभाषी घेऊन मी तिला तासभर समजावलं. तिने मान डोलावली. पण कोपऱ्यात भरलेली बॅग तशीच होती.

त्याच आठवड्यात कुमुदताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला प्लास्टिकची झाकणी लावून त्या मला घेऊन लानच्या दारात हजर. हातात थेंबांची बाटली. "दिवसातून चार वेळा घालायचे. मी एकटी राहते. तू यायचं."

लानने फोनवरच्या दुभाष्याला विचारायला लावलं, "यांना मुलं नाहीत?"

"एक आहे की, कॅनडात. तिथून हात पुरत नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, जन्मभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घातलेत. स्वतःच्या घालता येत नाहीत?"

"येतात की."

"मग हे खोटं कशाला?"

"तुझं खरं ऐकून तिने बॅग रिकामी केली का?"

लान आली. पहिले थेंब गालावर गेले. "खालची पापणी ओढ, माझं तोंड नको धुऊस!" कुमुदताई इंग्रजीत ओरडल्या. लान हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी मी तिथेच होते. कुमुदताईंची मान मागे टेकलेली, लानच्या हातात बाटली, आणि फोन वाजला. लानने तो घेतला, दोन वाक्यं बोलली आणि बंद केला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "शुक्रवार नाही. शुक्रवारी औषध."

"आणि शनिवारी?" कुमुदताईंनी डोळा न उघडता विचारलं.

"शनिवारी पण." तिने फोन माझ्यापुढे धरला. "नंबर बदला."

शुक्रवारी मायलेकी कुमुदताईंकडेच राहिल्या. गाडी आली की नाही, ते कुणी बघायला गेलं नाही. नंतर लानने पोलिसांना सगळं सांगितलं. पुढे तिला राहायची परवानगी मिळाली आणि लंडनच्या हॅरो भागातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कामही.

स्टेशनवर कुमुदताई तिला म्हणाल्या, "महिनाभर मला फोन करायचा नाही."

मी भडकले. "तिला तुमच्याशिवाय आहे कोण?"

"म्हणूनच. मी किती दिवस पुरणार? तिथे कुणीतरी शोधू दे."

खरंच फोन आला नाही. मी काळजीत, कुमुदताई मजेत.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. अंत्यविधीला लान आली, सोबत एक धिप्पाड गुजराती बाई, लानच्या मुलीचा हात घट्ट धरलेली. ती हॅरोची शेजारीण होती. लानला इथे यायला सुट्टी देत नव्हते, म्हणून ही बाई स्वतः हॉटेलात जाऊन मालकाशी भांडून आली होती.