साडेतीन किलोचा बेस

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात वजन केल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवलेला नाही. भाजीवर नाही, रद्दीवर नाही, लग्नातल्या आहेरावर नाही आणि दवाखान्याच्या कागदावर तर मुळीच नाही. माझ्या नवऱ्याचे हे मामा सरकारच्या वजन-मापे खात्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. निरोपाच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी त्यांना हौसेने एक पितळी ताणकाटा भेट दिला. वर कडी, खाली आकडा, मधे स्प्रिंग आणि पट्टीवरून सरकणारी सुई. तेव्हापासून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, आणि त्याच्या भाराने मामांचे सगळे सदरे डावीकडे ओघळलेले असतात. रोज सकाळी तो खिडकीच्या गजाला टांगायचा, सुई बघायची, "शून्य बराबर!" असं घरभर ऐकू जाईल एवढ्याने म्हणायचं आणि मगच चहाच्या कपाला हात लावायचा, हा त्यांचा नेम.

मी पुण्याहून लग्न होऊन हैदराबादला, काचीगुड्यात आले, तेव्हा माझी बॅग उंबऱ्याच्या आत येण्याआधी आकड्याला लटकली. "सूनबाईचं सामान अठरा किलो. माणूस सुटसुटीत दिसतंय," असा निकाल देऊन त्यांनी मला घरात घेतलं. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस! पुढे माझी मुलगी झाली. दवाखान्याने कागदावर तीन किलो लिहिलं होतं. मामांनी मामींच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, बारा दिवसांची पोर आकड्याला अडकवली (माझा जीव खालीवर!) आणि काट्यावर जवळजवळ साडेतीन किलो आले. "बारा दिवसांत एवढी वाढ होत नसते," म्हणत त्यांनी दवाखान्याला फोन केला आणि तिथल्या नर्सबाईंना वजनकाटा तपासून घ्यायची ताकीद दिली. त्या बिचाऱ्या "हो सर, हो सर" करत राहिल्या.

चिक्कडपल्लीच्या बाजारात तर बघायलाच नको. किलोभर वांगी घ्यायची, चार पावलं पुढे जायचं, विजेच्या खांबाआड उभं राहायचं आणि पिशवी आकड्याला लावायची. सुई शंभर ग्रॅम जास्तच दाखवायची आणि मामांची छाती तेवढीच फुगायची. "बघ सूनबाई, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी अजून भितात मला. उलट जास्तीच घालतात!" मग परत जाऊन भाजीवाल्याच्या पाठीवर शाबासकीची थाप. तोही हसून नमस्कार करायचा. अशी ही सुखाची वर्षं चालली होती.

या माणसाच्या आयुष्यात काट्याशिवाय आणखी एकच प्रेमाची वस्तू, ती म्हणजे बेस गिटार. मामी धरून तीन म्हणा हवं तर. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा एक वाद्यवृंद आहे. त्यात मामी गातात आणि मामा तीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभं राहून बेस वाजवतात. पेटी, तबला सोडून हे काय घेतलंत, असं विचारलं की म्हणायचे, "पेटी सगळ्यांना ऐकू येते. बेस कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कोणी नावं ठेवत नाही." पण त्यांचा बेस काळा, जाडजूड, पावणेपाच किलोचा धोंडा. तीस वर्षं तो डाव्या खांद्यावर टांगून शेवटी खांद्याने दगा दिला. हात वर जाईना, सदरा घालताना मामी बाही धरायला लागल्या.

कोठी भागातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "खांद्याला हलकंच काहीतरी झेपेल." दुसऱ्या कोणी "बरं" म्हणून उठलं असतं. मामांनी खुर्ची पुढे ओढली. "हलकं म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे फार जड नको." "आकडा सांगा, डॉक्टरसाब." बाहेर वीसेक पेशंट खोळंबलेले. डॉक्टरांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, साडेतीन किलो." मामांनी ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून, खाली सही घेऊन मगच खुर्ची सोडली. आता तो आकडा म्हणजे कायदा झाला. गंमत म्हणजे याच डाव्या खांद्यावर माझी अकरा किलोची पोर दिवसातून दहा वेळा बसायची. मी ओरडले की म्हणायचे, "ते कुठे वजन आहे? ती नात आहे."

इथून खरी रड सुरू झाली. गणपतीतला कार्यक्रम दोन महिन्यांवर आलेला, आणि वाद्यवृंदाचा म्होरक्या, जो कीबोर्ड वाजवतो, एक दिवस गोड आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही समोर खुर्चीत बसून ऐका. बेस मी डाव्या हाताने कीबोर्डवरच काढतो." मामा तसेच उठले. घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, मग बसून वाजवा ना!" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी राष्ट्रगीत बसून म्हणायला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मामांशिवाय तालीम झाली. सगळं जागच्या जागी होतं, पण आमटीत मीठ घालायचं राहून जावं तसं लागत होतं. मामी दोनदा सुरुवातीलाच अडखळल्या. परतताना रिक्षात मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचा तो घुम्म आला की मग मला गायची भीती वाटत नाही गं. ह्यांना सांगू नकोस. आधीच परेशान आहेत." मामी कधी काही मागत नाहीत. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मामांच्या खांद्यावर बेस चढवायचाच.

झालं! नवऱ्याने दर शनिवारी ऑफिसचं काम काढलं आणि मामांना गाडीतून कोठीला नेणं माझ्या गळ्यात आलं. तिथे एका गल्लीत वाद्यांचं जुनं दुकान आहे. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, अतिशय सभ्य गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मामांची मागणी ऐकून ते पहिल्या शनिवारी खूश झाले, दुसऱ्या शनिवारी गंभीर झाले आणि तिसऱ्या शनिवारी आम्हाला बघून त्यांनी चहा सांगण्याआधी डोक्याला बाम लावला.

कारण मामांना नुसता हलका बेस नको होता. आवाज सतरा प्रकारचा हवा. अभंगाला तो पोटातून, गोल यायला हवा, पखवाजाच्या मागे उभा राहिल्यासारखा. वरातीच्या गाण्याला टणटणीत, झोपलेल्या नवरदेवाला जाग येईल असा. आणि गझल असेल तर मांजरीने स्वयंपाकघरात यावं तसा, आला कधी ते कळता कामा नये. हे सगळं एकाच वाद्यातून, दोन घुंड्या फिरवून. प्रत्येक बेसवर ते हे तिन्ही तुकडे वाजवून बघायचे आणि मग खिशातून काटा निघायचा. एक बेस कापसासारखा हलका निघाला, पण हात सोडला की त्याची मान धाडकन जमिनीकडे. "हे पेंगतंय," मामा म्हणाले. दुसरा छोटासा, गोजिरवाणा, पण अभंग वाजवा की वरात, आवाज आपला तेलाच्या रिकाम्या डब्याचा. तिसऱ्याचा आवाज असा की चाचांनीही डोळे मिटले, पण तो उचलायलाच दोघं लागली.

चौथ्या शनिवारी चाचांनी आतून एक बदामी रंगाचा बेस आणला. लाकूड आतून कोरून पोकळ केलेलं. मामांनी तो गळ्यात घातला, हात सोडला, मान जागची हलली नाही. अभंग वाजवला, काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. वरात वाजवली, रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. गझलेचा तुकडा वाजवला आणि मामांनी तो आपणहून परत एकदा वाजवला. मी तर पर्स उघडूनही बसले.

"वजन?" मामांनी विचारलं.

"तीन किलो चार सौ ग्राम, साब. कागज पे लिखाइच है."

काटा निघाला. बेस आकड्याला लागला. सुई तीन किलो नऊशेवर.

"चाचा, ये क्या है?"

"साब, मैं तुमकू झूट बोलतूँ?" चाचांचा चेहरा पडला.

"तुम नहीं बोलते. काटा बोलता है." मामांनी बेस हळुवारपणे परत ठेवला आणि मी पर्स मिटली.

मी गाडीत खूप समजावलं. चारशे ग्रॅमनी काय होतंय मामा, डॉक्टरांनी तो आकडा छतावरून वाचला होता! पण नाही. "चारशे ग्रॅमसाठी मी लोकांची दुकानं बंद केलीत. आता स्वतःसाठी सूट घेऊ? नक्को." पुढचे दोन शनिवार ते परत गेले, तोच बेस परत वाजवला, परत तोलला, जणू मधल्या आठवड्यात त्याने उपासतापास केले असतील. सुई तीन किलो नऊशे.

सातव्या शनिवारी, कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असताना, मामा चाचांना म्हणाले, "दे दो किसी और को. मेरे नसीब में नहीं." आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो बेस मी उचलला, छातीशी धरला आणि दुकानाबाहेर पडले. समोर एक किराणा दुकान होतं. मधे कोठीची शनिवारची गर्दी, हातगाड्या, हॉर्न. मी हात दाखवत सरळ रस्ता ओलांडला. मागून मामा "सूनबाई, हल्लू, हल्लू!" करत आणि त्यांच्या मागून चाचा "अम्मा, उसकू गिराओ नक्को!" करत. किराणावाल्याच्या मोठ्या इलेक्ट्रिक काट्यावर मी बेस आडवा ठेवला. आकडे लुकलुकले. तीन किलो चारशे.

"काटा खोटा!" मामा तिथल्या तिथे गरजले. किराणावाला घाबरला. मामांनी चष्मा लावला, काट्यामागचा सरकारी शिक्का शोधला, तारीख वाचली. शिक्का ताजा, याच वर्षीचा. मग त्यांनी काटा तपासण्याचं लोखंडी एक किलोचं वजन मागितलं, त्याचाही शिक्का वाचला आणि ते काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो. मामा थांबले. मग सावकाश ते वजन पिशवीत घातलं आणि पिशवी आपल्या पितळी काट्याच्या आकड्याला लावली.

सुई एक किलो दीडशेवर.

मामांनी पिशवी काढली. सुई शून्यावर आली, बराबर. परत लावली, एक किलो दीडशे. स्प्रिंग सैल झाली होती. रिकामी असताना शहाण्यासारखी शून्यावर बसायची आणि ओझं आलं की फसकन खाली यायची. मामांनी काटा उलटा केला आणि मागचा शिक्का बघितला. निरोपाच्या वर्षाचा. काट्यावर दर वर्षी नवा शिक्का मारून घ्यावा लागतो. तो मारला नाही म्हणून या माणसाने अर्ध्या हैदराबादला दंड ठोकला होता, आणि स्वतःचा काटा मात्र आठ वर्षं रोज सकाळी फक्त शून्य बघून खिशात घातला होता.

मला वाटलं, आता मामा खचणार. पण त्यांची पाठ ताठ झाली, आवाज एकदम सरकारी झाला. "मुदत संपलेला काटा बाळगल्याबद्दल," त्यांनी जाहीर केलं, "हा काटा जप्त करण्यात येत आहे. सूनबाई, तू साक्षीदार." किराणावाल्याकडून कागद घेतला, त्यावर तसं लिहिलं, सुतळीने काट्याला बांधला आणि काटा चाचांच्या हातात दिला. मग हात जोडले. "चाचा, मैं तुमकू झूटा बोला. माफ करो." चाचांनी त्यांना मिठीच मारली. "अरे साब, तुम कब बोले? काटा बोला!"

मग मात्र आम्ही तिघं त्या रस्त्यात उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. हसता हसता मामा एकदम थांबले. "म्हणजे तो दवाखाना खरा होता?" हौ, म्हटलं. थोड्या वेळाने परत थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे तो वांगीवाला मला इतकी वर्षं कमी देत होता? आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारत होतो?" बेस गाडीत घातला तरी मामांचं ते चालूच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मामी माईकसमोर उभ्या राहिल्या, डाव्या हाताला मामा आणि त्यांच्या खांद्यावर तो बदामी बेस. कीबोर्डवाल्याचा डावा हात मुकाट्याने मांडीवर होता. पहिला घुम्म मला कानात नाही, खुर्चीच्या पाठीतून ऐकू आला. मामींनी मान वळवली नाही, फक्त खांदे सैल सोडले आणि गाणं असं उचललं की मी गर्दीत उभी राहून वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. हुश्श! इतकं हलकं मला माझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

तो काटा अजून चाचांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे, कागदासकट. मामांनी तो परत मागितला नाही. हल्ली बाजारात ते पिशवी घेतात आणि सरळ चालू लागतात. सवयीने हात खिशाकडे जातो आणि रिकामा परत येतो. खरं सांगायचं तर मला ते बघवत नाही. परवा चिक्कडपल्लीहून येताना मी म्हटलं, "मामा, नवी स्प्रिंग बसवून, शिक्का मारून आणू का तो काटा?"

"नक्को," ते म्हणाले. "काटा आला की परत सगळं मोजावंसं वाटतं बघ. खांदा अजून किती वर्षं साथ देतो, तुझ्या मामीचा आवाज किती वर्षं टिकतो. ते मोजून मी काय करू, सूनबाई?"

तेवढ्यात पोर चालून दमली आणि तिने मामांकडे दोन्ही हात वर केले. मामांनी वाकून तिला उचललं आणि डाव्या खांद्यावर बसवलं. मी डॉक्टरांच्या साडेतीन किलोची आठवण करून देणार होते. पण त्यांच्या हातातली भाजीची पिशवी तेवढी काढून घेतली.