शेवळाचा पिवळा भाग

राजेंद्र सर पानाला पान म्हणत नाहीत. पान म्हणजे पर्ण, देठ म्हणजे पर्णवृंत, आणि कुणी साधं ‘पानाचा देठ’ म्हटलं की सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. लोणावळ्याच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं हेच शिकवलं. आता निवृत्तीनंतर गळ्यात भिंग अडकवून दर रविवारी पुण्याची माणसं झाडं दाखवायला लोहगडवाडीला आणतात. कुणी करवंदीच्या जाळीत पडलं तर सर आधी काट्याचा प्रकार सांगतील, मग हात देतील. बंगल्यातल्या कुंड्यांत मात्र प्लास्टिकची फुलं. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांचेच शब्द घोकून फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली.

वाडीत माझ्या आईचं, नंदाबाईचं, जेवणाचं छप्पर आहे. सरांची माणसं तिथंच जेवायची. आमचं घर त्यावर चालायचं.

गेल्या जूनमध्ये आई शेवळं निवडत होती. जमिनीतून वर आलेला हा रानभाजीचा कोंब. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा, सरांच्या भाषेत स्थूलकणिशाचा, खालचा पिवळा, दाणेदार भाग टाकायचा आणि उरलेला शेंडा काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचा. मी सहाव्या वर्षापासून हे करते.

सर अठरा माणसांपुढे म्हणाले, “अहो नंदाबाई, फुलं फेकता आणि वांझ शेंडा शिजवता? अडाणीपणा आहे हा!”

“सर, पिवळं घालत न्हाईत. घसा धरतोय.”

“चैताली, सांग आईला. पिवळा भाग म्हणजे काय?”

“स्थूलकणिशावरची फुलं, सर.”

“मग महत्त्वाचं काय? फूल की शेंडा?”

“फूल, सर.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “शिकल्यालं लेकरू म्हणतंय, म्हंजी आसंल,” म्हणाली आणि टाकलेलं पिवळं उचलून पातेल्यात घातलं.

चार घासांत अठराही जण खाकरायला लागले. सरांना तर शब्दच फुटेना. आई कोकमाचं पाणी घेऊन एकेकापाशी धावत होती. आवाज परत आल्यावर सर पहिलं वाक्य काय बोलले? “हाताची स्वच्छता नाही यांच्या!” संध्याकाळी सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसंच लिहिलं. रविवारची माणसं आमच्याकडं जेवायची बंद झाली.

सरांची मला कीव येत नाही, किळस येते. पण त्यांना घसा तरी धरला होता. माझा साफ होता, तरी मी गप्प बसले. आई पिवळं पातेल्यात घालताना, आणि सरांनी तिच्या हातांना नावं ठेवली तेव्हाही.

आई मला एका शब्दानंही बोलली नाही. आम्ही आजही शेजारी बसून शेवळं निवडतो. मी निवडलेली टोपली तिच्याकडं सरकवते. ती एकेक शेवळ उचलते, उजेडाकडं धरते आणि पिवळं राहिलंय का ते बघते.