तळातली ओंजळ

पाथरीच्या बाजारात धोंडप्पा मापारी होता. शेतकऱ्याची ज्वारी आडत्याच्या ओट्यावर ओतली गेली की तो ढिगासमोर उकिडवा बसे, लाकडी पायली भरून पलीकडे टाकी आणि मोठ्यानं मोजत राही. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. हा आवाज कापडाच्या दुकानांपर्यंत जाई आणि लोकांना कळे की बाजार चालू आहे.

दुसरी एक रीत होती, ती कुणाला ऐकू येत नसे. शेवटचं माप टाकताना पायली तळापर्यंत रिकामी करायची नाही. ओंजळभर दाणे आत राहू द्यायचे. पायली कोरडी झाली की बरकत गेली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी एकदा त्यानं खेळता खेळता पायली उपडी ठेवली. बापानं ती उचलून सरळ केली, आत चार दाणे टाकले आणि दिवसभर त्याच्याशी तो बोलला नाही. तेवढ्यावर हात शिकला. पुढे हाताला ते आठवावंही लागत नव्हतं.

मग भाव पडले. आडते म्हणत, इथे नाही पडले, सगळ्या दुनियेत पडलेत. पण दुनिया पाथरीला दिसत नव्हती. दिसत होता तो झाडून ठेवलेला ओटा. गाडीभाडंही सुटत नाही म्हणून लोक माल घरातच ठेवू लागले. धोंडप्पा सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळी भस्म लावून बाजारात येई, पायली समोर ठेवून बसे आणि ऊन चढलं की उठे. मोजायला काही नसलं की आवाज घशात सुकत जातो. घरी तो कमी बोलू लागला.

माणिकराव नावाच्या आडत्यानं त्याच साली एक जुनी लॉरी घेतली. कापूस मातीमोल झाला होता म्हणून तो घेत सुटला होता आणि मानवत रोडच्या स्टेशनावर पोचवत होता. लॉरी चालवायला हैदराबादेहून खाजामियाँ आला होता. पोटानं सुटलेला, दात पानानं लाल झालेला, लॉरीला 'बुढ्ढी' म्हणणारा. हंगाम संपला की तो परत जाणार होता.

"त्याच्या जागी माणूस लागंल," माणिकराव ओट्यावर येऊन म्हणाला. "क्लीनर म्हणून संगं जा. हात बसला की परवाना काढून देतो."

"मालक, माझी चाळिशी उलटली."

"मग? लॉरी काय पोरगी हाय का, वय इचारायला?"

घरी त्यानं नीलम्माला सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही.

"आवं, बैल कवा हाकला न्हाई तुमी. आता लोखंड हाकणार?"

"बाजार बसला, नीलम्मा. तो उठायचा न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"मी रोज तिथं बसायलोय की."

ती काही वेळ फुंकणीनं विस्तव फुलवत राहिली. मग म्हणाली, "जा. पर तांब्या आपला घेऊन जा. त्या मियाँच्या घागरीचं पाणी पिऊ नगा."

असा चाळिशीतला धोंडप्पा क्लीनर झाला. बाजारातल्या रिकाम्या हमालांना तेवढीच करमणूक. "अप्पा, लाभ म्हणून हँडल मारा!" ते ओरडत. तो हँडल मारी. बुढ्ढी खोकत, थरथरत सुरू होई आणि त्याच्या पांढऱ्या धोतरावर काळा धूर सोडी.

खाजामियाँ वाईट माणूस नव्हता. शिकवताना शिव्या देई, पण त्या इंजिनाला. रस्ता मोकळा असला की तो धोंडप्पाला चाकावर बसवी आणि स्वतः शेजारी बसून सुपारी कातरी.

"अप्पा, चाक पकडा है कि नागिन पकडी? ढीला छोड. वो खुद जाती."

"सोडलं तर ओढ्यात जायल ती."

"जाने दे. मेरे कू तैरना आता."

धोंडप्पा हसला. किती तरी दिवसांनी हसला असेल. त्याला गाडी येऊ लागली होती. गिअर बदलताना होणारी खरखर थांबली. चढावर लॉरीचा आवाज जड होतो आणि उतारावर सुटतो, हे त्याला कानानं कळू लागलं. कानाचाच माणूस तो. संध्याकाळी हात नाकाशी नेला की तेलाचा वास येई, आणि तो वास त्याला आवडत असे. नीलम्माला त्यानं तसं सांगितलं नाही.

बुढ्ढी तेल फार खाई. निघण्याआधी इंजिनात एक डबा तेल ओतायचं, हे क्लीनरचं काम. सुरुवातीला खाजामियाँ सळई बाहेर ओढून तेल किती आहे ते पाही. धोंडप्पा थेंब सांडत नाही, कधी विसरत नाही, हे दिसल्यावर त्यानं ते सोडून दिलं. "डब्बा पूरा डाल दिया?" तो नुसता विचारी.

"टाकला, उस्ताद."

तो खोटं बोलत नव्हता. शेतकऱ्यासमोर शेवटची पायली तो जशी टाकी, तसाच डबा टाकत होता. धार बारीक झाली की मनगट आपोआप सरळ होई, तळाशी ओंजळभर तेल राही. तो डबा मग सीटखालच्या फळीवर नीट ठेवून दिला जाई. रिकामे डबे पुढे पत्र्याच्या दुकानात देतात, म्हणून खाजामियाँ तिकडे पाहत नव्हता. पुढल्या फेरीला नवा डबा. पुन्हा ओंजळ मागे. ऊन वाढत गेलं, बुढ्ढी आणखी तहानेली झाली, आणि तिच्या पोटातलं तेल फेरीगणिक थोडं थोडं कमी होत गेलं.

हंगाम सरत आला तेव्हा माणिकराव स्वतः लॉरीत बसला. त्याला धोंडप्पाचा हात पाहायचा होता. आज पसंत पडला तर लॉरी त्याची, नाहीतर दुसरा माणूस, हे त्यानं चढतानाच सांगितलं. खाजामियाँचं सामान बांधलेलं होतं. स्टेशनावरून तो परस्परच हैदराबादला जाणार होता. त्या सकाळी धोंडप्पानं पूजेला जास्त वेळ लावला. गळ्यातलं लिंग कपाळाला टेकवलं आणि सदऱ्याच्या आत सोडलं.

गाव मागे पडलं. धोंडप्पा चाकावर, मध्ये माणिकराव, कडेला खाजामियाँ. रस्त्यावर मुरूम होता, दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या. धोंडप्पानं एका बैलगाडीला सांभाळून बाजू दिली. माणिकराव पाय लांब करून बसला.

"क्या सेठ?" खाजामियाँ म्हणाला. "बोला था ना? मापनेवाला था, अब रस्ता मापता."

चढावर ठकठक ऐकू आली. धोंडप्पाला ती पहिल्यांदा ऐकू आली, इतरांच्या आधी. त्याला वाटलं, मागे कापसाची एखादी गाठ हलत असेल. मग वाटलं, आता थांबवली तर माणिकराव म्हणेल, भ्याला. त्यानं पाय दाबला. आवाज कडक झाला. खाजामियाँची मान वळली, तो "रोक! रोक!" म्हणून ओरडला, आणि त्याच क्षणी इंजिनाच्या आत काही तरी मोडलं. लॉरी चढावरच उभी राहिली. मग मागे सरकू लागली, तेव्हा खाजामियाँनं उडी मारून चाकाखाली दगड लावला.

त्यानं सळई ओढली. ती कोरडी होती. धोंडप्पाच्या तोंडापुढे ती धरून तो विचारत राहिला, "डाला था ना? डब्बा डाला था ना?"

"टाकला, उस्ताद. आईची आण."

खाजामियाँनं सीट उचलली. खाली डबे ओळीनं उभे होते. त्यानं एक हलवला. आत तेल खळखळलं. दुसरा हलवला, तिसरा हलवला. सगळ्यांत होतं.

"ये क्या रक्खा रे अप्पा?"

धोंडप्पा डब्यांकडे पाहत राहिला. त्याला ते पहिल्यांदाच दिसत होते.

"बरकत," तो म्हणाला.

खाजामियाँनं हात उचलला होता, तो त्यानं खाली घेतला. तो म्हणाला, "इंजन कू बरकत नक्को रहती. उस कू पूरा होना."

माणिकराव वाळलेल्या पऱ्हाट्यांकडे तोंड करून उभा होता. तो शिव्या देईल म्हणून धोंडप्पा वाट पाहत होता. त्यानं दिल्या नाहीत. एक बैलगाडी आली, तीत बसून तो पाथरीला परत गेला. खाजामियाँ आपली वळकटी खांद्यावर टाकून स्टेशनाकडे चालू लागला. वळणावर त्यानं मागे पाहिलं, पण हात केला नाही. बैल जोडून लॉरी गावात ओढून आणली आणि माणिकरावच्या वखारीमागे उभी केली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

धोंडप्पा पुन्हा ओट्यावर बसू लागला. ज्वारीची काढणी झाली तेव्हा शेजारच्या गावच्या कस्तुराबाईनं त्याला खळ्यावर बोलावलं. दोन्ही लेकांचे वाटे वेगळे करायचे होते. त्याच्या मापावर कुणाचं दुमत होत नसे. तो रास पाहून बसला. "लाभ," त्यानं म्हटलं. आवाज खरखरीत आला, मग मोकळा झाला. दोन, तीन. लेक उभे राहून ऐकत होते. शेवटचं माप आलं. त्यानं पायली टाकली, पूर्ण उपडी केली आणि तळावर तळहातानं दोनदा थाप मारली. एक दाणा राहू दिला नाही.

मजुरी द्यायला पदराच्या गाठीशी गेलेला कस्तुराबाईचा हात तिथंच थांबला.

"अप्पा, ह्ये काय केलंत?"

त्यानं हातातल्या पायलीकडे पाहिलं.

तिनं राशीतून ओंजळ उचलून पायलीत टाकली, ती त्याच्यापुढे सरळ ठेवली आणि म्हणाली, "या आता." तिचा थोरला लेक खळ्याबाहेर जाऊन थुंकला.

गोष्ट गावोगाव पसरायला वेळ लागला नाही. पुढे बाजार थोडाफार उठला, ओट्यावर पुन्हा ढीग पडू लागले, तेव्हा मोजायला किशनराव नावाचा दुसरा माणूस बसला होता. धोंडप्पाला कुणी नको म्हणालं नाही. बोलावलंही नाही.

पायली घरी कोपऱ्यात आली. तो ती उपडी ठेवायचा, मुद्दाम की कसं, ते नीलम्मानं विचारलं नाही. दिवेलागणीला ती उठून पायली सरळ करी आणि आत चार दाणे टाकी. पुढच्या उन्हाळ्यात घरात टाकायला दाणे राहिले नाहीत, तेव्हा ती नुसतीच सरळ करू लागली.