पाच सवाष्णींमधली तिसरी

त्या सिनेमात होते ते फक्त कपडे. राजा दर प्रसंगाला नवा शेला घ्यायचा आणि राणीचा पदर उचलायला चार पोरी लागायच्या. गोष्ट म्हणाल तर एवढीच: राजा प्रेमात पडतो, लढाईला जातो, परत येतो, दग्याने मरतो आणि राणी विष पिते.

त्याचं थोडं शूटिंग दौलताबादला झालं. आम्ही तिथलेच. किल्ल्याच्या पायथ्याला मी, सासूबाई आणि थोरली जाऊ सीताफळं विकायला बसायचो. माझा नवरा आदल्या वर्षी ट्रकच्या अपघातात गेला होता. मी चोविशीची होते.

सिनेमावाल्यांचा कपडेवाला एक दिवस बायका शोधत आला. राजा लढाईहून परततो तेव्हा त्याला ओवाळायला पाच सवाष्णी हव्या होत्या. त्याने उंची बघून चार निवडल्या आणि पाचवी म्हणून माझ्याकडे बोट केलं.

"ती चालायची नाय साहेब," जाऊ म्हणाली. "तिचा मालक गेलाय."

"अरे बाई, राजा को क्या मालूम?"

"राजाला नसंल ठावं. आमाला हाय ना!"

मी हात पुसून उठले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या टोपलीतून मान वर न करता म्हणाल्या, "जा. पण सिनेमापुरतंच."

मला हिरवं जरीचं नऊवारी लुगडं दिलं. जरीकाम पुढच्या बाजूलाच होतं. पाठ कॅमेऱ्यात येणार नव्हती, म्हणून तिथे साधं कापड जोडलेलं आणि ढगळ पोलकं पिनांनी आवळलेलं. मेकअपवाल्या मुलीने कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा माझी मान आपोआप मागे गेली.

"काय झालं?"

"काही नाही. लाव. ठसठशीत लाव."

ओळीत मी तिसरी होते. ताट फिरवलं, राजा घामाघूम होऊन निघून गेला, काम संपलं. कपडे, दागिने, बांगड्या परत घेतल्या. कुंकू कोणी परत मागितलं नाही. मी तशीच येऊन टोपलीमागे बसले.

"पूस आता ते," जाऊ म्हणाली. "लोकं बघायलेत."

"बघू द्या की अक्का. बघायला थांबले तर फळंही घेतील."

घरी आल्यावर आत्याबाईंनी ओला फडका पुढे केला. मी पुसलं. त्या घरात राहायचं होतं.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली टेम्पो करून शहरात बघायला गेली. पडद्यावर मी दिसले न दिसले. शेवटी राजा मेला, राणीने भरजरी शालूत विषाचा पेला उचलला आणि जाऊ हुंदके देऊन रडायला लागली.

"राणीला उद्या काही काम नाही का?" मी मोठ्याने विचारलं.

"गप की गं! लई जीव होता तिचा त्याच्यावर!"

"आणि माझा नव्हता?"

पुढच्या रांगेतल्या बायकाही वळून बघायला लागल्या. मी आवाज खाली केला नाही. नवरा गेला त्याच आठवड्यात मी सीताफळं निवडायला बसले होते, कारण नासकी टोपलीत राहिली की सगळी जातात. लिहिणाऱ्याला राणीच्या दुसऱ्या दिवसाचं काहीच सुचलं नाही, म्हणून त्याने तिला मारून टाकलं. शालू मात्र छान होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात जावेच्या मुलीची हळद होती. मला चुलीजवळ बसवलं होतं. बाहेर पाच जणी हव्या होत्या. दोघींची लावून झाली होती. मी देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी उघडली, कपाळाला बोट लावलं आणि मांडवात जाऊन पाटापुढे उभी राहिले.

"हे काय?" जाऊ ओरडली. "इथं काय शूटिंग हाय का?"

"नाही. म्हणूनच आले. परक्या राजाला ओवाळलेलं चाललं, घरच्या पोरीला हळद लावलेली चालत नाही?"

पाटावरच्या पोरीने गाल पुढे केला. मी आत्याबाईंकडे बघितलं. हळदीची वाटी त्यांच्या हातात होती.

"लाव बाई," त्या वैतागून म्हणाल्या, "वाळायली ती हळद."

जाऊ पुढे वर्षभर बोलली नाही. आज मी शहरात, गारखेड्यात राहते. घरातून निघताना आरशात बघून कुंकू लावते, ठसठशीत.