बसच्या काचेसमोर उभं राहिलेलं 'सावकाश'

माझी थोरली बहीण पाट्या रंगवते. शाळेजवळच्या वळणावर, थेट रस्त्यावर 'सावकाश' लिहायचं काम तिला मिळालं, तेव्हा ती आधी माझ्या बसमध्ये आली. मी त्याच रस्त्यावर बस चालवतो. तिथला जुना शब्द मला कधी वाचताच आला नव्हता. लांबून तो नुसता पांढरा पट्टा दिसायचा.

"ऊठ जरा," म्हणत ताई उभ्या बसमध्ये माझ्या सीटवर बसली आणि काचेतून रस्ता निरखत राहिली. मग खाली उतरून तिने खडूने अक्षरं आखली. रुंदी बेताची, पण उंची विचारू नका! काना ओढायला ती चालतच सुटली. बघे पोट धरधरून हसले.

"ताई, हे अक्षर आहे की शिडी?" मी विचारलं.

"रंग वाळू दे, मग बोल."

रंग वाळल्यावर मी बस काढली. ताई माझ्या मागे दांडा धरून उभी होती. वळण जवळ आलं. ती लांबलचक अक्षरं आखूड होऊन, पाटीवर लिहावीत तशी नीटस, समोर उभी राहिली होती. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"कसं गं केलंस हे?"

"तुझ्या सीटवरून रस्ता चपटा दिसतो. म्हणून अक्षर तेवढंच ताणलं."

समोरून शाळेतली मुलं रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे जाईपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.