वडिलांच्या गळ्यातलं मंगळसूत्र
कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली की रबराच्या त्या वासासरशी मी बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरातून थेट शिडाच्या बोटीवर जाते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि आई-वडिलांना हट्टानं क्रूझवर नेणारीही मीच. वाटेत एका बेटाजवळ जहाजावरून शिडाच्या बोटीत जाऊन, रबरी चष्मा आणि श्वासाची नळी लावून मासे बघायला समुद्रात उतरायचं होतं. मला पोहता येत नाही. आई मात्र माहेरच्या विहिरीत पोहलेली, ती लगेच तयार झाली. बोटवाल्यानं बजावलं, अंगावर चमकणारं काही नको, मोठे मासे झडप घालतात. आईनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "माणूस समोर बसलाय आन् हे काढू व्हय?" वडील म्हणाले, "काढ की. मी काय पळून चाललोय?" तिनं जरा विचार केला, मंगळसूत्र काढून त्यांच्याच गळ्यात घातलं आणि शिडी उतरली. बोट हेलकावत होती, शीड फडफडत होतं, आणि लाटांमध्ये तिचं केशरी जाकीट मधूनच दिसेनासं व्हायचं. वडील काळे मणी चाचपत या कडेवरून त्या कडेला जायचे, मी त्यांच्यामागे. "दिसली का गं?" सारखं तेच. अखेर शिडीशी तिचं डोकं वर आलं. "ये आता वर, बास झालं," वडील ओरडले. तिनं तोंडातली नळी काढली. "अहो, ऱ्हाऊ द्या अजून जरा गळ्यात. खाली लई मासं हायेत." आणि गेलीसुद्धा! आता आई एकटीच कुठं बाहेर पडली की वडील दारापर्यंत जातात, आत येतात, पुन्हा जातात. "येईल हो," असं मी त्यांना खिडकीत उभी राहूनच सांगते.