आईच्या नावाचं मशीन

डोणगावात कुणाचं नेट अडलं की संघर्षला बोलावणं जातं. जोडणी करताना तो प्रत्येक कॉम्प्युटरला नाव देतो, तेही घरातल्या बायांचं. "नंबर कोन ध्यानात ठेवते बे? नाव कसं, हाक मारली की ओ देते," हे त्याचं ठरलेलं उत्तर. परीक्षा केंद्रातल्या मुख्य मशीनला त्यानं आईचं नाव दिलं, कलाबाई. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण नेटवर्क कार्डाचा पत्ता म्हणून जिथं सरळ आकडे टाकायचे, तिथंही या शहाण्यानं नावच टाकलं.

त्या नावाचे आकडे दुसऱ्या मशीनला विचारावे लागतात, आणि विचारायला जायचं तर आधी स्वतःजवळ आकडे हवेत. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसला प्रकार. जोडणीच्या वेळी जुने आकडे चालू होते, म्हणून खपून गेलं. पुढं मशीन कधी बंदच पडलं नाही.

नर्स भरतीच्या परीक्षेत लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. लाईट आल्यावर सगळे कॉम्प्युटर उठले, पण ज्या मशीनमधून सगळ्यांना पेपर यायचा ती कलाबाई मात्र मुकी. संघर्ष पोचून आकडे टाकेस्तोवर पेपरची वेळ सरली होती. "लाईटनं घात केला," केंद्रप्रमुख लक्ष्मीकांत सर म्हणाले. संघर्षनं नुसती मान हलवली. खरं सांगितलं तर काम जाणार होतं.

लाईट गेली म्हणून फेरपरीक्षा मिळत नाही. केंद्राची चूक असेल तर मिळते, तीही आठवड्याच्या आत तक्रार झाली तर. हे त्याला ठाऊक होतं. त्याला जेवण जाईना. आईनं "काय होऊन राह्यलं तुले?" विचारलं की तो ताटावरून उठायचा. स्वतःची लाज वाटायची, पण पाय केंद्राकडे वळत नव्हते. दिवस मोजायचंही त्यानं टाळलं.

मग गल्लीतली मनाली आली. वयात बसणारी तिची ती शेवटची परीक्षा होती.

"जयभीम दादा. लाईट आल्यावर मी घाईघाईनं बटनं दाबली. माह्याच हातून साऱ्या पोरींचा पेपर बुडाला का?"

संघर्षला ऐकवेना. "नाही वं. चूक माही होती," म्हणत त्यानं सगळं सांगून टाकलं. "चाल, आत्ताच सरांकडे जाऊ."

मनालीनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती उंबऱ्यातच थांबली.

"दादा, तक्रारीची मुदत काल संपली."

आतून कलाबाईंनी विचारलं, "संघर्ष, कोन आलं रे?" त्याच्याच्यानं ओ देववली नाही.